एकाला ‘उबदार’, दुसऱ्याला ‘बोदा’: एकाच इअरफोनचे दोन निकाल कसे लागतात?

महागड्या इअरफोनची परीक्षणं वाचायला बसलं की थोड्या वेळात डोकं गरगरायला लागतं. एक जण लिहितो, आवाज उबदार आणि भरदार. दुसरा त्याच इअरफोनबद्दल लिहितो, बोदा, गायक जणू पडद्यामागे उभा आहे. तिसरा ‘व्ही शेप’ म्हणून मोकळा होतो. चौथा म्हणतो छे, हा तर ‘हार्मन’च्या जवळचा. मग कुणीतरी कोणता सूर किती जोरात वाजतो याचा आलेख काढून दाखवतो आणि वाद मिटायच्या ऐवजी आणखी पेटतो.

यातलं कुणी खोटं बोलत नसतं. गडबड अशी, की आपण ज्याला इअरफोनचा आवाज म्हणतो तो सगळाच्या सगळा इअरफोनमध्ये नसतो. काही भाग खुद्द इअरफोनमधून येतो, काही तुमच्या कानाच्या नळीत तयार होतो आणि काही तुम्ही आवाज किती वाढवलाय त्यावर ठरतो. हे तीन धागे वेगळे केले की परीक्षणांमधली निम्मी भांडणं आपोआप विरघळतात.

आधी शब्दांची उकल

कानाच्या नळीत आत बसणाऱ्या या इअरफोनना जाणकार आयईएम म्हणतात, म्हणजे इन-इअर मॉनिटर. ‘मॉनिटर’ हा शब्द रंगमंचावरून आलाय. गायक-वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्या पायाशी जे स्पीकर ठेवतात, ते मॉनिटर. १९९५ साली व्हॅन हेलन या रॉक बँडचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ड्रमर ॲलेक्स व्हॅन हेलनसाठी कानात बसणारे मॉनिटर बनवले, आणि त्यातूनच अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. आज हीच वस्तू घरी निवांत गाणी ऐकणारेही वापरतात.

दुसरा शब्द साउंड सिग्नेचर, म्हणजे आवाजाचा स्वभाव. गटाचा फोटो आठवा. माणसं तीच, पण पुढच्या रांगेत कोणाला बसवलं आणि मागे कोणाला उभं केलं यावर फोटो बदलतो. गाण्यातही खर्ज, गळा, तारा, झांजा हे सगळे असतातच. इअरफोन त्यातल्या कोणाला पुढे आणतो आणि कोणाला मागे ठेवतो, ती रचना म्हणजे त्याचा स्वभाव.

ही रचना हर्ट्झमध्ये मोजतात. सेकंदाला जितकी कंपनं, तितके हर्ट्झ. माणसाचा कान ढोबळमानाने २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, आणि वय वाढलं की वरचं टोक हळूहळू गळत जातं. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची. डग्ग्याची घुम आणि ड्रमचा धपका ६० ते २५० च्या पट्ट्यात. गाणाऱ्याच्या गळ्याचं अंग साधारण २५० ते २,००० मध्ये, आणि त्याच गळ्याची धार, शब्दांचा ठसठशीतपणा २,००० ते ५,००० मध्ये. पियानोची शेवटची पट्टी ४,१८६ हर्ट्झवर संपते. त्याच्या वर ‘सूर’ असे जवळपास नसतातच. तिथे असतात उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर आपोआप वाजणाऱ्या बारीक लहरी. झांजेचा झणत्कार, तारेवर नखी घासल्याचा आवाज, गायकाने घेतलेला श्वास हे सगळं त्या वरच्या मजल्यावर राहतं.

आता परीक्षणातले शब्द उलगडतात. व्ही शेप म्हणजे खर्ज आणि झणत्कार पुढे, गळा मागे. उबदार म्हणजे १०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास थोडी जास्त माया. ती माया फार झाली की त्याच इअरफोनला बोदा म्हणतात, कारण खालचा जोरकस आवाज वरच्या बारकाव्यांना झाकून टाकतो. ब्राइट म्हणजे वरचा मजला उजळलेला. अति झाला की चिरका. आणि ५ ते ८ हजारांत एखादं टोक उभं राहिलं की गाण्यातले स, श, छ कानात टोचायला लागतात. म्हणजे कौतुकाचा शब्द आणि तक्रारीचा शब्द यांत अनेकदा दोन-तीन डेसिबलचंच अंतर असतं.

खर्ज न वाढवता खर्ज वाढतो

याचं मला आवडतं उदाहरण म्हणजे शुअर कंपनीचा एसई८४६. त्याच्या मूळ आवृत्तीबरोबर नळीच्या तोंडाशी बसणारे तीन बदलते तुकडे मिळायचे: एक समतोल, एक उबदार, एक उजळ. तुकडा बदलला की १ ते ८ हजार हर्ट्झचा पट्टा सुमारे अडीच डेसिबलने वर किंवा खाली जातो. खर्जाला कोणी हातही लावलेला नसतो. तरी उबदार तुकडा बसवून ऐकणारा हमखास म्हणतो, ‘बेस वाढला की हो!’

कानाला एकट्या पट्ट्याची उंची कळत नाही, शेजाऱ्याच्या तुलनेतली कळते. पुढच्या रांगेतली माणसं खाली बसली की मागची उंच दिसतात. म्हणून ‘बेस जास्त आहे’ असं कुठे वाचलं तर मी आधी विचारतो, जास्त आहे, की बाकीचं कमी आहे?

मग सरळ सपाट का नाही बनवत?

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. काहीच पुढे नको, काहीच मागे नको, एक सरळ रेघ द्या. गंमत म्हणजे कानाच्या पडद्यापाशी खरोखर सरळ रेघ पोचवणारा इअरफोन कानाला मुळीच सरळ वाटणार नाही. तो उशीखाली दाबल्यासारखा वाटेल.

कारण आपला कान स्वतःच एक वाद्य आहे. बाहेरचं छिद्र ते पडदा ही नळी सुमारे अडीच सेंटिमीटरची. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक आवाज घुमतो, तशी ही नळी ३,००० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि तो पट्टा पडद्यापाशी दहाएक डेसिबलने वाढवते. जन्मापासून आपण जग असंच ऐकत आलोय. मेंदूच्या लेखी तेच ‘सपाट’.

आयईएम घातला की आपण त्या नळीच्या तोंडाला बूच लावतो. नळीची लांबी बदलते आणि तिचा नैसर्गिक घुमार मोडतो. म्हणून बनवणाऱ्याला तो डोंगर स्वतःच्या ट्युनिंगमध्ये पुन्हा उभा करावा लागतो. आलेखात ३,००० जवळ दिसणारी ती टेकडी म्हणजे दोष नाही, भरपाई आहे.

ही भरपाई नक्की किती, यावर मात्र घराणी आहेत. एक घराणं म्हणतं, चारी बाजूंनी सारखा आवाज आला तर पडद्यापाशी जे पोचेल ते प्रमाण. याला डिफ्यूज फील्ड म्हणतात. १९९१ मध्ये आलेला एटिमॉटिकचा ईआर-४ साधारण या वळणाचा: खर्ज मोजका, गळा स्पष्ट, लाडीगोडी नाही. दुसरं घराणं हार्मन या ऑडिओ कंपनीचं. तिथे शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरांचा आवाज आधार धरला आणि मग सरळ लोकांनाच ऐकवून विचारलं, काय आवडतं? त्यातून आयईएमसाठी निघालेल्या वक्रात खालचा खर्ज चांगलाच उचललेला आहे.

पण लोकांना विचारलं तरी लोक एकमुखी कुठे असतात? याच मंडळींच्या २०१९ च्या एका अभ्यासात (तो कानावर बसणाऱ्या हेडफोनचा होता) ऐकणारे तीन गटांत विभागले गेले. साधारण ६४ टक्क्यांना हार्मनचा वक्र पसंत पडला, १५ टक्क्यांना त्याहून जास्त खर्ज हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. म्हणजे बहुसंख्यांचा आवडता स्वभाव घेऊनही तिघांतला एक जण नाक मुरडणारच. तो एक कदाचित तुम्ही असाल.

बारा ड्रायव्हर म्हणजे बारापट चांगला?

नाही. पण प्रश्न रास्त आहे, कारण जाहिरातीत आकडा मोठ्या अक्षरात असतो.

ड्रायव्हर म्हणजे विजेचं रूपांतर आवाजात करणारा सुटा भाग. डायनॅमिक ड्रायव्हर हा छोटा स्पीकरच: चुंबक, वेटोळं, पातळ पडदा. बॅलन्स्ड आर्मेचर हा श्रवणयंत्रांतून आलेला प्रकार. दोन चुंबकांच्या मधोमध तोललेली एक धातूची पाती थरथरते आणि बारीक काडीने पडद्याला हलवते. तो फार छोटा असतो, म्हणून एका इअरफोनमध्ये अनेक मावतात आणि प्रत्येकाला वेगळा पट्टा वाटून देता येतो. वाटणी करणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर.

६४ ऑडिओच्या यू१२टीमध्ये प्रत्येक कानात बारा बॅलन्स्ड आर्मेचर आहेत. सेनहायझरच्या आयई ९०० मध्ये एकच ७ मिलिमीटरचा डायनॅमिक ड्रायव्हर आहे, आणि नको असलेली टोकं गिळायला ॲल्युमिनियममध्ये कोरलेले तीन सूक्ष्म कप्पे. दोन्ही आपापल्या कंपनीचे मानाचे इअरफोन. पहिल्यात साधारण मऊ, न थकवणारा गळा आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर हवेशीरपणा. दुसऱ्यात दणकट खर्ज आणि लखलखीत वरची बाजू. हा फरक बारा आणि एक या आकड्यांमधून आलेला नाही. दोन ट्युनिंग करणाऱ्यांनी पुढच्या रांगेत वेगवेगळी माणसं बसवली, इतकंच. बारा जणांना एका तालात चालवणं हे उलट जास्त अवघड काम आहे. जिथे एकाचा पट्टा संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो तिथे दोघांची कंपनं थोडी मागेपुढे झाली, तर त्या जागी खड्डा पडतो.

आलेख आहे ना, मग ऐकायचं कशाला?

आलेख मी पहिल्यांदा बघतो आणि तुम्हीही बघावा. विशेषणांपेक्षा तो शतपट प्रामाणिक. पण तो कोणाच्या कानाचा आहे?

उत्तर: एका धातूच्या कानाचा. कप्लर म्हणजे नळी आणि पडद्याची नक्कल करणारं, तळाशी मायक्रोफोन असलेलं एक लहान नळकांडं. सर्वाधिक वापरातल्या प्रकाराला ‘७११’ म्हणतात, कारण त्याचं जुनं प्रमाण आयईसी ६०७११ होतं. खालच्या आणि मधल्या पट्ट्यांत ते छान काम करतं. ८,००० च्या आसपास मात्र आलेखात एक शिखर दिसतं, आणि ते बरंचसं इअरफोनची टीप (कानात जाणारी रबरी टोपी) आणि मायक्रोफोन यांच्यामध्ये उरलेल्या हवेच्या स्तंभाचं असतं. इअरफोन थोडा आत सरकवला की स्तंभ आखूड होतो आणि शिखर वर पळतं. बाहेर काढला की खाली उतरतं. तुमच्या कानात ते ७,००० वर असेल, तुमच्या बहिणीच्या कानात ९,००० वर. एकीला स आणि श टोचतील, दुसरीला काहीच खटकणार नाही. दोघी खऱ्या.

म्हणून आलेख वाचताना माझा रिवाज असा: २० ते ५,००० पर्यंत विश्वास, त्यापुढे ८,००० पर्यंत सावधपणा, आणि त्याच्या वर फक्त कुतूहल. दोन आलेख एकमेकांशी ताडायचे तर ते एकाच कप्लरवर काढलेले हवेत, नाहीतर तुम्ही इअरफोनची नाही, कप्लरची तुलना करताय.

माझी चार दिवसांची फजिती

एकदा मी दोन नामांकित आयईएम उसने आणून चार दिवस आलटून पालटून ऐकले. वहीत दोन पानं टिपणं काढली. पहिल्याला ‘क’ म्हणू, दुसऱ्याला ‘ख’. ‘क’ सगळ्या बाबतीत सरस: खर्ज खोल, गळा जिवंत, वाद्यं सुटी सुटी. निकाल जवळजवळ लागलेला. मग एका मित्राकडे गेलो, त्याच्याकडे कप्लर होता. फोनवरची आवाजाची पट्टी दोन्हींना एकाच खुणेवर ठेवून मोजलं, तर ‘क’ साडेतीन डेसिबलने मोठा वाजत होता. चार दिवस मी ‘जास्त चांगला’ म्हणून जे लिहीत होतो ते ‘जास्त मोठा’ होतं.

प्रत्येक इअरफोनची संवेदनशीलता वेगळी असते, तेवढ्याच विजेवर एक मोठा वाजतो, एक हळू. आणि आपला कान मोठ्या आवाजाला केवळ मोठा म्हणून नोंदवत नाही. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की आवाज हळू असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो, आणि आवाज वाढवला की खर्ज बाकीच्यांपेक्षा झपाट्याने भरून येतो. म्हणजे आवाजाची पट्टी सरकवली की इअरफोनचा स्वभावही सरकतो. रात्री हळू ऐकणाऱ्याला व्ही शेप गोड लागतो, तोच गोंगाटात मोठ्याने ऐकणाऱ्याला अर्ध्या तासात नकोसा होतो.

एक डेसिबलचा फरक आपल्याला ‘मोठा’ म्हणून जाणवतही नाही, ‘स्पष्ट’ म्हणून जाणवतो. हाच खरा सापळा. घरी कप्लर नसेल तर एकसारखा खळखळाट असलेला चाचणीचा आवाज, म्हणजे पिंक नॉइज, लावून दोन्हींची पातळी कानाने जितकी जुळवता येईल तितकी जुळवा. अगदी अचूक होणार नाही, पण साडेतीन डेसिबलची थाप तरी बसणार नाही. आणि जुळवायचं ते खालच्या पातळीवर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. दर ३ डेसिबल वाढीला तो वेळ निम्मा होतो.

रबरी टोपीचा गुन्हा

आयईएमचा खर्ज हवाबंद नळीवर जगतो. टीप आणि कान यांच्यामध्ये बारीक फट राहिली तरी खालचा आवाज तिथून गळून जातो, आणि तो थोडाथोडका नाही, दहा डेसिबलच्या पुढेही जातो. उरतो तो किनरा, पत्र्याचा आवाज. ‘याला बेसच नाही’ असं लिहिणाऱ्या कित्येकांच्या कानात चुकीच्या मापाची टीप असते.

आपले दोन कानही सारखे नसतात. मला डाव्या कानात मधलं माप लागतं, उजव्यात मोठं. पडताळा सोपा आहे: खर्जाचं काहीतरी लावा आणि दोन्ही इअरफोन बोटांनी हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर टीप गळतेय. तुलना करताना दोन्ही इअरफोनना, त्यांच्या नळीचं तोंड सारखं असेल तर, त्याच टिप्स लावा. रुंद तोंडाची टीप, अरुंद तोंडाची, फोमची, या प्रत्येकीने वरचा मजला थोडा थोडा बदलतो.

फोनला लावला काय, ॲम्प्लिफायरला लावला काय?

बहुतेकदा फारसा फरक पडत नाही. पण अनेक बॅलन्स्ड आर्मेचर असलेल्या आयईएमच्या बाबतीत पडू शकतो, आणि त्याचं कारण गूढ नाही, शाळेतलं गणित आहे. अशा इअरफोनचा विजेला होणारा विरोध, म्हणजे इम्पिडन्स, सगळीकडे सारखा नसतो. समजा खर्जात तो ४० ओहम आहे आणि वरच्या एका पट्ट्यात ५ ओहम. ज्याला लावलाय त्या यंत्राचा स्वतःचा अंतर्गत विरोध १० ओहम. मग खर्जाला ५० पैकी ४० वाटे, म्हणजे ८० टक्के व्होल्टेज मिळतं. वरच्या पट्ट्याला १५ पैकी ५, म्हणजे ३३ टक्के. या दोघांत तब्बल साडेसात डेसिबलची तफावत पडते! उजळ इअरफोन उबदार होऊन बसतो. तेच यंत्र १ ओहमचं असतं तर तफावत दीड डेसिबलच्या आत राहिली असती. दोन परीक्षकांनी दोन वेगळ्या यंत्रांवर ऐकून उलटसुलट लिहिलं तर नवल नाही.

महाग म्हणजे चांगला, हे तरी खरं ना?

२०१७ मध्ये जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं किमतींशी ताडून पाहिली. आवाजाचा वक्र आणि किंमत यांत काही संबंध सापडला नाही. महाग वस्तूत बांधणी, कानात बसण्याची सोय, दोन बाजूंचा अचूक मेळ, कमी विकृती अशा गोष्टी मिळू शकतात. स्वभाव मात्र किमतीबरोबर चढत जात नाही. तो फक्त वेगळा होतो.

मग स्वस्तातला घेऊन ईक्यूने हवा तसा करून घेतला तर?

ईक्यू, म्हणजे पट्ट्यांची पातळी वरखाली करणारं साधन. हा आक्षेप मला सगळ्यात दमदार वाटतो, आणि बऱ्याच अंशी तो बरोबरच आहे. खर्ज आणि गळा यांची रचना ईक्यूने उत्तम बदलता येते. ‘वेगवान बेस’, ‘आळशी बेस’ असं जे म्हणतात तेही मोठ्या प्रमाणात या वक्राचंच दुसरं नाव असतं, कारण २०० च्या आसपासची सूज उतरवली की बेस आपसूक चपळ वाटतो. अडतं ते वरच्या मजल्यावर. तिथलं शिखर तुमच्या कानात नक्की कुठे आहे हे आलेख सांगत नाही, म्हणून दुसऱ्याचा ईक्यू जसाच्या तसा लावला की कधी खड्डा बुजण्याऐवजी शेजारी नवा डोंगर उभा राहतो. ते तुम्हालाच चाचपडत शोधावं लागतं.

शंभर तास वाजवून इअरफोन ‘पिकतो’ म्हणतात, त्याबद्दल थोडक्यात: पिकतो तो बहुधा ऐकणारा. मेंदूला नवा स्वभाव अंगवळणी पडतो. केबल बदलून वरचा मजला उघडतो, यावर माझा विश्वास नाही; केबलचा विरोध मोजण्याइतका वेगळा असेल तर वरचं ओहमचं गणितच लागू होतं, जादू वेगळी काही नाही.

आता माझी ती वही. पातळी जुळवून, दोन्हींना त्याच टिप्स लावून, मित्राला कोणता कुठला ते न सांगता हातात द्यायला लावून मी पुन्हा ऐकलं. सेकंदा-दोन सेकंदांत अदलाबदल, कारण आवाजाची नेमकी आठवण त्याहून फार टिकत नाही. दोन पानांतली एकेक ओळ खोडत गेलो. खोल खर्ज खोडला. जिवंत गळा खोडला. सुटी वाद्यं, तीही गेली. शेवटी एकच ओळ राहिली, आणि ती ‘ख’च्या बाजूची होती: तंबोऱ्याची जवारी यात जास्त वेळ ऐकू येत राहते. मित्राने दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. ४,००० ते ५,००० च्या मध्ये ‘ख’ची रेघ दोन डेसिबल वर होती.